बाथटब, तिसरा मजला

तुरीनमध्ये आमच्या जिन्यावर सगळ्यांना ठाऊक होतं
की खालच्या मुलखातली माणसं
बाथटबात बेसिल लावतात.
पाहिलं कुणीच नव्हतं.
सांगितलं मात्र प्रत्येकाच्या मावशीनं होतं.

माझे वडील खालच्या मुलखातले.
फोर्तुनातो, बोवालीनो गावचे.
सदुसष्ट साली आले, काखेत चीजचा गोळा,
खिशात कुणाचा तरी अर्धवट पत्ता,
आणि मोटारींच्या कारखान्यात दारं बसवू लागले.
डावी दारं. फक्त डावी.
एकतीस वर्षं.

खोल्या बघायला गेले तेव्हा सेकोंदीनाबाईंनी
नाव नाही विचारलं, गाव विचारलं.
मग न्हाणीघर उघडून म्हणाल्या,
"हा टब. हा अंघोळीसाठी असतो."
वडील म्हणाले, "हो बाई."

त्या दोन शब्दांच्या भाड्यानं
आम्ही तिथे एकोणचाळीस वर्षं राहिलो.

दर रविवारी ते टब घासत,
पाहुणे येणार असले की दोनदा.
बाल्कनीत आईला कुंड्या हव्या होत्या.
"जिरेनियम चालेल," ते म्हणाले,
"पान खाता येईल असलं काही नको."
बाजारातून बेसिल आणत ते पिशवीत तळाशी,
वर पाव, पावावर वर्तमानपत्र,
जणू चोरीचा माल.

तसे ते काही साधुसंत नव्हते.
एक पेला वाइन पोटात गेली की
अख्खा देश ताटात वाढून घेत:
जिनोआचा माणूस, चमडी जाईल पण दमडी नाही.
रोमचा जेवून उठला की दमतो.
व्हिचेन्झाचे मांजरं खातात,
(आमची बिबी त्यांनी वरच्या व्हिचेन्झावाल्या मेकॅनिककडे
एक दिवससुद्धा ठेवू दिली नाही,
आणि तो बिचारा तिच्यासाठी सार्डिन आणायचा.)
आणि कोझेन्झाचे?
कोझेन्झा तर त्यांच्याच प्रांतातलं.
"त्यांच्याबद्दल मुलांसमोर नको."
बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
आमच्याकडे बारा कोसांवर
शेजारी चोर होतो.

आई लिव्होर्नोची.
तिच्या माहेरची म्हण:
दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा
घरात मढं परवडलं.
पिसा तिथून वीस मिनिटांवर. तरी.

जुलैच्या त्या रात्री वडील खुर्चीतच गेले,
एक चप्पल पायात, एक गालिच्यावर.
दाखला लिहायला डॉक्टर आला,
कोवळा, घामेजलेला,
तीन जिने चढून धापा टाकत.
त्यानं "नमस्कार" म्हटलं मात्र,
आईनं मान वर केली.
"कुठले तुम्ही?"
"पिसाचा," तो म्हणाला.

घरात एक, दारात एक.
आईला त्या रात्री दोन्ही मिळालं.

ती त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली.
मग हसू लागली, पदर नसलेल्या बाईनं
जसं हसावं तसं, दोन्ही तळहातांत तोंड घालून,
आणि ते हसू कुठे संपलं
ते मला अजून सांगता येत नाही.
डॉक्टर पेन धरून उभाच.
शेवटी तीच उठली,
कॉफी ठेवली,
विचारलं, "साखर किती?"

ऑगस्टात सेकोंदीनाबाई डोंगरात गेल्या, बहिणीकडे.
जाताना किल्ली दिली: झाडांना पाणी घाल.
बैठकीत झाडं नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती.
न्हाणीघराचं दार ढकललं.

टबात चार बोटं पाणी,
पाण्यात सात कुंड्या,
सातही बेसिलच्या.

उन्हाळ्यात असंच करतात, कुणीही करेल,
मुळं आपापली पितात.
मी टबाच्या काठावर बसले.
"हो बाई," म्हणाले मोठ्यानं,
फरशीला, नळाला, त्या हिरव्या वासाला.

निघताना मूठभर पानं खुडली,
उघड्या हातात धरून जिना उतरू लागले.
दुसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू,
गादी भिंतीला टेकवून दम खात होता.
त्यानं हसून आपलं नाव सांगितलं.

मी गाव विचारलं.